कुंडलिकेवरचा राफ्ट, न्हावा-शेव्याचा हिशेब

भिऱ्याच्या वीजघरातून सकाळी पाणी सुटलं की कोलाडजवळ कुंडलिका खळाळते आणि राफ्ट पाण्यात उतरतात. असा राफ्ट परदेशातून मागवायचा, तर आधी आयात-निर्यात कोड काढावा लागतो. मग दरपत्रकातली तीन अक्षरं नीट वाचायची. ‘एफओबी’ म्हणजे माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा भाव. ‘सीआयएफ’मध्ये जहाजभाडं आणि विमाही आला. न्हावा-शेव्याला सीमाशुल्क लागतं ते या दुसऱ्या आकड्यावर.

समजा, तो आकडा 1,00,000 रुपये आणि मूळ शुल्क 10 टक्के. शुल्क झालं 10,000; त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 1,000. आयजीएसटी आकारला जातो 1,11,000 वर. थोडक्यात, करावरही कर! स्वस्त वाटलेला सौदा इथेच महागतो.

पैसे पाठवण्याआधी कापडाचा तुकडा मागवा. पीव्हीसी स्वस्त, पण हायपलॉन रबर ऊन जास्त सोसतं. राफ्टच्या तळाशी, कडेला भोकं दिसली तर दचकू नका. फुगवलेला तळ नदीच्या पातळीपेक्षा उंच राहतो, त्यामुळे लाटेनं आत आलेलं पाणी त्याच भोकांतून आपोआप बाहेर पडतं.