गोष्ट शीतपेयांची – भाग ६ : साखर नाही, तरी गोड

मे महिन्यात चोपड्याच्या बसस्टँडबाहेर कोल्ड्रिंक मागितलं, की दुकानदार हल्ली विचारतो, ‘साधी देऊ की बिनसाखरेची?’ साध्या कोलाच्या ३०० मिलीत सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. बिनसाखरेच्या बाटलीत ती नसते. मग ती गोड कशी लागते?

ही बाटली मुळात मधुमेहींसाठी जन्मली, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हायमन कर्श सोडा बनवत. तिथल्या एका रुग्णालयाशी त्यांचा संबंध होता. तिथल्या मधुमेही रुग्णांना पिता यावं म्हणून १९५२ साली त्यांनी ‘नो-कॅल’ काढलं. गोडीसाठी वापरलं सायक्लामेट नावाचं कृत्रिम रसायन. पण खप वाढवला तो वजनाची धास्ती घेतलेल्या बायकांनी, आणि कंपन्यांचं लक्ष रुग्णांवरून सडपातळ कंबरेकडे वळलं. मला या इतिहासातलं हेच वळण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

१९६३ साली कोका-कोलाने ‘टॅब’ आणलं. नाव शोधायला संगणकाकडून चार अक्षरी शब्दांची भलीमोठी यादी काढून घेतली होती. आपलं मुख्य नाव मात्र कंपनीने या बाटलीला दिलं नाही. १९६९ साली उंदरांवरच्या प्रयोगांमुळे अमेरिकेत सायक्लामेटवर बंदी आली आणि टॅबची मदार सॅकरीनवर आली.

सॅकरीन तर आपल्या ओळखीचं. गाडीवरचा बर्फाचा गोळा खाऊन मागे कडवट चव राहिली, की आई म्हणायची, ‘सॅकरीन घातलंय मेल्याने.’ ते सापडलं १८७९ साली. फालबर्ग नावाचा रसायनशास्त्रज्ञ हात न धुता जेवायला बसला आणि हातातला पाव त्याला गोड लागला. १९७७ साली सॅकरीनवरही बंदीची भाषा झाली. ती टळली, पण बाटलीवर इशारा छापावा लागला. १९८२ साली ‘डाएट कोक’ आलं, तेव्हा कंपनीने प्रथमच आपलं नाव दुसऱ्या पेयाला दिलं. टॅब मागे पडत गेलं आणि २०२० साली बंद झालं.

आज या बाटल्यांत बहुधा अ‍ॅस्पार्टेम असतं. ते साखरेपेक्षा सुमारे २०० पट गोड असतं. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा जुनीच ठेवली : शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. वजन कमी करण्यासाठी साखरेऐवजी गोडी आणणारे असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्लाही संघटनेने त्याच वर्षी दिला.

खानदेशासाठी एक गोष्ट खास. अ‍ॅस्पार्टेम उष्णतेने विघटित होतं आणि गोडी उतरते. आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा दुकानाच्या ओट्यावर उन्हात रचलेल्या क्रेटमधली बाटली घेऊ नका, सावलीतली मागा. झाकण उघडण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचा. गोडीसाठी काय घातलंय, ते तिथे लिहिलेलं असतं. घरात मधुमेही असेल, तर ही बाटली रोज द्यायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.