लघवीतील रासायनिक दर्शक आणि कर्करोगाचे निदान

कर्करोगाच्या पेशी काही पदार्थ प्रमाणाबाहेर तयार करतात. त्यांतले लहान रेणू मूत्रपिंडाच्या गाळणीतून लघवीत उतरतात. असा पदार्थ रोगाची चाहूल देत असेल तर त्याला दर्शक म्हणतात.

पहिला दर्शक लघवीतच सापडला. 1845 मध्ये लंडनमधल्या एका रुग्णाची लघवी हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासणीला आली. तिच्यातले प्रथिन विचित्र होते. साधारण 40 ते 60 अंश सेल्सिअसला ते साकळते, उकळी आली की विरघळते आणि थंड होताना पुन्हा दिसते. अंड्याचा पांढरा बलक एकदा शिजला की पातळ होत नाही, हे आठवा. रुग्णाला अस्थिमज्जेचा कर्करोग, म्हणजे मायलोमा होता. हे प्रथिन म्हणजे प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या, हे 1962 मध्ये एडलमन आणि गॅली यांनी दाखवले. दवाखान्यातली रंग बदलणारी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. या साखळ्या तिला बहुधा दिसत नाहीत. म्हणून पट्टी कोरी आली तरी मायलोमाची शंका असल्यास इलेक्ट्रोफोरेसिस करावे लागते. परीक्षेतही हा मुद्दा हमखास सुटतो.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग. त्याच्या पेशी कॅटेकोलअमाइन्स बनवतात आणि त्यांचे विघटन होऊन व्हीएमए व एचव्हीए ही आम्ले लघवीत येतात. जपानने 1980 च्या दशकात सहा महिन्यांच्या सर्व बाळांची लघवी तपासायला सुरुवात केली. गाठी भराभर सापडू लागल्या. पण 2002 मध्ये क्वेबेक आणि जर्मनीतल्या अभ्यासांचे निष्कर्ष आले: अशा सरसकट तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. सापडणाऱ्या अनेक गाठी आपोआप विरणाऱ्या होत्या, आणि त्यांच्यासाठी तान्ह्या बाळांवर शस्त्रक्रिया व केमोथेरपी झाली होती. घातक प्रकार मात्र बहुधा नंतरच्या वयात उगवत होता. रसायनशास्त्र बरोबर होते. चुकला तो प्रश्न. जपानने 2004 मध्ये ही तपासणी थांबवली.

लक्षणे असलेल्या मुलात हीच चाचणी आजही उपयोगी आहे, निदानाला आणि उपचारानंतरच्या देखरेखीलाही. तान्ह्या मुलाची 24 तासांची लघवी गोळा करणे जवळपास अशक्य. त्यामुळे एका वेळच्या नमुन्यातले प्रमाण क्रिएटिनिनने भागून मोजतात.