चलनाचे भाव आणि गॅनचे कोन

चलनबाजाराच्या आलेखावर एखाद्या ठळक तळापासून पंख्याच्या काड्यांसारख्या फाकत गेलेल्या तिरक्या रेषा दिसल्या, तर त्या बहुधा गॅनच्या रेषा असतात. भाव यांपैकी एका रेषेला टेकला की तिथून वळेल, आणि ती रेषा मोडली तर पुढच्या रेषेपर्यंत जाईल, हा त्यामागचा अंदाज.

विल्यम डेल्बर्ट गॅन यांचा जन्म १८७८ मध्ये टेक्ससमधल्या लफकिनजवळ, कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात झाला. पुढे न्यूयॉर्कला येऊन त्यांनी शेअर, कापूस आणि गहू यांच्या बाजारांत नाव कमावले. १९०९ मध्ये एका अमेरिकी मासिकाने त्यांच्या २८६ सौद्यांपैकी २६४ फायद्यात गेल्याचे छापले आणि तिथून दंतकथा सुरू झाली. उलट अलेक्झांडर एल्डर यांनी १९९३ च्या पुस्तकात गॅन यांच्या मुलाशी झालेल्या बोलण्याचा हवाला दिला आहे. वडिलांचे घर केवळ सौद्यांवर चालत नव्हते, अभ्यासक्रम विकून चालत होते, असे त्या मुलाचे म्हणणे. गॅन १९५५ मध्ये वारले. तेव्हा ब्रेटन वूड्स करारामुळे प्रमुख चलनांचे दर डॉलरला बांधलेले होते. ते मोकळे झाले १९७३ च्या सुमारास. आजच्या स्वरूपातल्या चलनबाजारावर हे कोन लावले ते अनुयायांनी.

मूळ कल्पना सोपी आहे. काळाच्या एका एककात भाव एका एककाने चढला तर रेषा ४५ अंशांची होते. तिला ‘एकास एक’ म्हणतात. गॅन यांच्या मते ही समतोलाची रेषा: भाव तिच्या वर असेपर्यंत तेजी, खाली गेला की मंदी. तिच्याहून उभ्या चार रेषा दुप्पट, तिप्पट, चौपट आणि आठपट वेगाच्या. तिच्याहून आडव्या चार तितक्याच पटींनी संथ. अशा एकूण नऊ. वळण केव्हा येईल हे सांगण्यासाठी काळ आणि भाव यांची बरोबरी केली जाते. तळापासून भाव १४४ एकके चढला असेल, तर १४४ व्या दिवसाच्या आसपास लक्ष ठेवायचे. शिवाय वर्तुळाच्या अंशांवरून ९०, १८० आणि ३६० दिवसांचे टप्पेही मानले जातात.

कोनांचे आकडेही पूर्ण चोख नाहीत. दुप्पट वेगाच्या रेषेचा कोन गॅन यांनी ६३.७५ अंश दिला. त्रिकोणमितीने तो ६३.४३ येतो. फरक किरकोळ आहे, खरी अडचण वेगळीच आहे. आलेखाच्या एका बाजूला दिवस असतात आणि दुसऱ्या बाजूला पैसे. एका दिवसाइतकी किंमत किती, हे निसर्ग सांगत नाही, रेषा ओढणाराच ठरवतो. पडदा रुंदीला ताणला तरी डोळ्यांना दिसणारा कोन बदलतो.

युरो-डॉलरचे उदाहरण घ्या. २८ सप्टेंबर २०२२ ला एक युरो सुमारे ०.९५३५ डॉलरपर्यंत घसरला होता. १८ जुलै २०२३ ला तो १.१२७५ च्या आसपास पोचला. मध्ये २९३ दिवस गेले. दिवसाला पाच पिप, म्हणजे ०.०००५ डॉलर, हे प्रमाण धरले तर ‘एकास एक’ रेषा त्या दिवशी १.१० वर येते आणि भाव तिच्या वर, म्हणजे तेजीत दिसतो. प्रमाण दहा पिपांचे धरले की तीच रेषा सुमारे १.२५ वर जाते आणि तोच भाव मंदीत जमा होतो. शनिवार-रविवार वगळून फक्त बाजाराचे दिवस मोजले तर दहा पिपांची रेषा १.१६ च्या जवळ पडते. तीनही रेषा नियमाला धरूनच आहेत. त्या काळात डॉलर कशाने उतरला याचा मोठा धागा मात्र उघड होता: १० नोव्हेंबर २०२२ ला अमेरिकेतली महागाई अपेक्षेपेक्षा कमी, ७.७ टक्के निघाली आणि व्याजदर आता पूर्वीच्या वेगाने वाढणार नाहीत, असे बाजाराने मानले.

चलनाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. चलनाचा भाव दोन्ही बाजूंनी वाचता येतो. युरोचा भाव १ डॉलरवरून १.१० आणि मग १.२० झाला तर ती सरळ रेषा. पण डॉलरचा भाव युरोत मांडला तर १, ०.९०९, ०.८३३ असा वाकत जातो. सौदा एकच असूनही एका आलेखावरची गॅनची सरळ रेषा दुसऱ्यावर सरळ राहत नाही.

गॅन यांच्या ‘नऊचा चौरस’ या दुसऱ्या साधनाचीही हीच गत. त्यात १ पासून आकडे सर्पिलाकार मांडतात. एक पूर्ण फेरा म्हणजे भावाच्या वर्गमुळात २ मिळवून पुन्हा वर्ग करणे. १.२१ हा भाव १२१ असा वाचला तर पुढचा टप्पा १६९, म्हणजे १.६९. तोच १२१०० असा वाचला तर १२५४४, म्हणजे १.२५४४. दशांशचिन्ह कुठे ठेवायचे, यावर भविष्य ठरते.

तरीही रेषा जुळल्यासारख्या का वाटतात? दोन-चार तळांपासून नऊ-नऊ रेषा ओढल्या की आलेखावर मोकळी जागा फारशी उरत नाही, आणि प्रत्येक वळण कशाच्या तरी जवळ सापडते. चुकलेल्या रेषा पुसल्या जातात. पारख करायची तर प्रमाण, आरंभबिंदू आणि ‘जवळ’ म्हणजे किती पिप, हे आधी लिहून ठेवून त्या रेषांची तुलना मनमानी तिरक्या रेषांशी करावी लागते. रेषेचा प्रामाणिक उपयोग एवढाच, की स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला बाहेर पडण्याचा भाव, कुठे ठेवायचा हे सौद्याआधी ठरते.

राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे ऑगस्ट २००८ पासून आहेत आणि तिथेही हे पंखे ओढले जातात. पण रुपयातले तीव्र चढउतार रोखायला रिझर्व्ह बँक डॉलर विकते किंवा घेते. २०२३ मध्ये डॉलर जवळपास वर्षभर ८१ ते ८३.५ रुपयांच्या पट्ट्यात राहिला. अशा वेळी चढत्या रेषा पुढे निघून जातात आणि जागेवर थांबलेला भाव त्यांना एकामागून एक ‘मोडत’ जातो. डॉलर एक पैसाही न उतरता विक्रीचा इशारा मिळतो.