आर. के. पुरम ते येल : पहिल्या कृष्णविवरांचा शोध

दिल्लीच्या आर. के. पुरम भागातील दिल्ली पब्लिक स्कूलमध्ये शिकलेल्या डॉ. प्रियंवदा नटराजन अमेरिकेतील येल विद्यापीठात खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. विश्वातील पहिली महाकाय कृष्णविवरे कशी जन्मली, या प्रश्नाला त्यांनी सुचविलेल्या उत्तराला २०२३ मध्ये निरीक्षणांचा भक्कम आधार मिळाला.

नटराजन यांचा जन्म कोइमतूरचा. बालपण मात्र दिल्लीत गेले. शालेय वयातच त्यांनी नेहरू तारांगणाच्या तत्कालीन संचालक निरुपमा राघवन यांच्या मार्गदर्शनाखाली, कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर दिल्लीच्या आकाशाचा नकाशा तयार करण्याचे काम केले. पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतून भौतिकशास्त्र आणि गणित या विषयांत पदवी घेतल्यावर त्यांनी केंब्रिज येथे मार्टिन रीस यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. २००० पासून त्या येलमध्ये अध्यापन व संशोधन करीत आहेत.

त्यांच्या संशोधनाचा एक विषय म्हणजे अदृश्य कृष्णद्रव्य. दीर्घिकासमूहांच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्यांच्या पलीकडून येणारा प्रकाश वाकतो. या वक्रतेवरून न दिसणाऱ्या द्रव्याचे नकाशे काढता येतात.

दुसरा विषय कृष्णविवरांचा. मोठा तारा कोसळून बनणारे कृष्णविवर सुरुवातीला लहान असते. ते वायू गिळत वाढते. पण गिळताना निर्माण होणारे प्रारण बाहेरील वायूला दूर लोटते आणि वाढीला मर्यादा पडते. मग विश्व अगदी तरुण असताना कोट्यवधी सूर्यांच्या वस्तुमानाची कृष्णविवरे कोठून आली? २००६ मध्ये नटराजन आणि ज्युसेप्पे लोदातो यांनी एक मार्ग मांडला. तारे बनण्याची वाट न पाहता वायूचा प्रचंड साठा थेट कोसळू शकतो आणि कृष्णविवराचे बीजच मोठे असू शकते. अशा दीर्घिकेत कृष्णविवराचे वस्तुमान ताऱ्यांच्या एकूण वस्तुमानाइतके भरेल, असे भाकीत २०१७ मध्ये नटराजन व सहकाऱ्यांनी केले. आपल्या परिसरातील दीर्घिकांमध्ये हे प्रमाण साधारणतः हजारात एक असते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये चंद्रा क्ष-किरण दुर्बीण आणि जेम्स वेब अवकाश दुर्बीण यांच्या निरीक्षणांतून यूएचझेड१ या दीर्घिकेतील कृष्णविवराचा शोध जाहीर झाला. महास्फोटानंतर सुमारे ४७ कोटी वर्षांनीच ते अस्तित्वात होते. अबेल २७४४ या दीर्घिकासमूहाने भिंगाचे काम केल्यामुळेच ते दिसू शकले. त्याची लक्षणे भाकिताशी जुळतात. मात्र सर्वच कृष्णविवरे अशी जन्मली, असे यावरून सिद्ध होत नाही.

२०२४ मध्ये ‘टाइम’ नियतकालिकाने जगातील शंभर प्रभावशाली व्यक्तींमध्ये नटराजन यांचा समावेश केला. २०२५ चे खगोलभौतिकीतील डॅनी हाइनमन पारितोषिकही त्यांना मिळाले. शालेय वयात तारांगणातून सुरू झालेला हा प्रवास विश्वाच्या आरंभकाळापर्यंत पोहोचला आहे.