सहा चिंचोके, मोजले सात

चार वर्षांचं मूल एक ते दहा घडाघडा म्हणतं. पण समोरचे सहा चिंचोके मोजताना एकावर दोनदा बोट ठेवतं आणि सातावर पोचतं! अंक पाठ असणं वेगळं, मोजता येणं वेगळं; ते वस्तू हाताळत येतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत नेलं. तिथे शिंपले, खडे, बिया, पानं हीच शिकण्याची साधनं होती.

शिंपले लहान-मोठे लावताना तुलना आणि क्रम कळतो. बिया चिमटीत उचलताना बोटांना वळण लागतं, ते पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतं.

अशा वस्तूंची टोपली एक आणि पोरं चार असली की थांबण्याचाही सराव होतो: आधी ओढाओढी, मग रडारड, मग ‘आता तुझं, नंतर माझं’.