कोरा कागद नको, पूर्ण काम द्या

कर्नाटकातल्या औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमाभागात महिलांचे बचत गट आहेत, दूध संघ आहेत, शेतकऱ्यांचे गट आणि देवस्थानाच्या समित्या आहेत. त्यांत दोन प्रकारचे अध्यक्ष हमखास भेटतात. एक सगळे स्वतः ओढतात आणि दमून जातात. दुसरे काम कुणाच्या तरी गळ्यात टाकून मोकळे होतात. दोघांनीही काम सोपवलेले नसते. यामागे काही पक्के गैरसमज आहेत, आणि ते खोडून काढणारे दाखले याच भूमीत आहेत.

गैरसमज १ : काम वाटले की आपला अधिकार घटतो.

वस्तुस्थिती : १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले, गुलबर्गा राजधानी झाली आणि कारभारासाठी राज्याचे चार तरफ, म्हणजे प्रांत, पाडण्यात आले. पुढे राजधानी बीदरला गेली, राज्य विस्तारले आणि प्रांतांचे अधिकारी, म्हणजे तरफदार, डोईजड होऊ लागले. पंधराव्या शतकात वजीर महमूद गावान यांनी तरफदारी मोडीत काढली नाही. उलट चाराचे आठ तरफ केले. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्या किल्ल्यांवर केंद्राचे किल्लेदार नेमले. काम जास्त लोकांत वाटले गेले, प्रत्येकाची हद्द आखली गेली, आणि त्यामुळेच बीदरची पकड घट्ट झाली. हद्द न आखता दिलेले काम मात्र अधिकार खाते.

गैरसमज २ : विश्वास असेल तर हिशेब विचारू नये.

वस्तुस्थिती : गावान यांनी सरदारांचा मोबदला वाढवून दिला, पण ठरल्यापेक्षा शिपाई कमी ठेवले तर तेवढी रक्कम कापली जाई. पैसा आणि तपासणी एकाच वेळी आली. बचत गटातही हेच लागू पडते. पैसे बँकेत भरणाऱ्या ताईंनी दर बैठकीत भरणा पावती आणि पासबुक सगळ्यांसमोर वाचून दाखवावे. हा नियम अध्यक्षांसह सर्वांना सारखा असला की त्यात कुणाचा अपमान राहत नाही. उलट पैसे हाताळणाऱ्या बाईवर उद्या कुणी बोट ठेवू शकत नाही.

गैरसमज ३ : सही करून दिली की काम सोपवले.

वस्तुस्थिती : इतिहासकार फिरिश्ता यांच्या हकिकतीनुसार विरोधकांनी गावान यांचा शिक्का सांभाळणाऱ्या माणसाला फितवले, कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले. सुलतान तिसऱ्या महंमदशहाने शहानिशा न करता १४८१ मध्ये या वृद्ध वजिराला ठार करवले. पुढच्या काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले.

सीमाभागात हा धोका आजही आहे. घरात मराठी, पण पंचायतीचे आणि बँकेचे कागद कन्नडमध्ये. मग ज्या सुनेला किंवा पोराला कन्नड वाचता येते, त्याच्याकडे सगळे कागद जातात. ते योग्यच आहे. पण सही करण्याआधी मजकूर मराठीत मोठ्याने सांगायला लावा, रक्कम आणि तारीख स्वतः पाहा. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या ठरावावर सही कधीच नको.

गैरसमज ४ : ज्याने काम उभे केले, त्यानेच वरच्या आसनावर बसावे.

वस्तुस्थिती : बाराव्या शतकात बसवण्णा कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, राजा बिज्जळाचे मंत्री होते. त्यांच्या अनुयायांची, म्हणजे शरणांची, परंपरा सांगते की बसवण्णांनी उभ्या केलेल्या अनुभव मंटपाचे, म्हणजे शरणांच्या चर्चासभेचे, अध्यक्षपद मात्र अल्लमप्रभूंकडे होते. चर्चा चालवण्याची पात्रता ज्याच्यात दिसली, त्याला तो मान मिळाला. त्याने बसवण्णांचे मोठेपण तसूभरही कमी झाले नाही.

गैरसमज ५ : मी नसलो तर सगळे ठप्प होईल.

वस्तुस्थिती : ठप्प होत असेल, तर कुणी तयारच केले गेले नाही असा त्याचा अर्थ. बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाच्या मुक्तिसंग्रामाचे नेते होते स्वामी रामानंद तीर्थ. १९४७-४८ मध्ये त्यांना तुरुंगात टाकले गेले, पण दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखालील कृती समितीने संस्थानाबाहेरून लढा चालू ठेवला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले.

काम सोपवायचे कसे?

‘तेवढं तुरीचं बघून घे’ असे म्हणणे पुरेसे नाही. असे सांगावे : ‘बुधवारी आपल्या गटाची तूर तुम्ही मोजून घ्यायची. ओल तपासायची, वजनाची पावती प्रत्येकाच्या हातात द्यायची. माल ओला वाटला तर परत पाठवायचा, तो निर्णय तुमचा. भावाचं मात्र समितीला विचारल्याशिवाय बोलायचं नाही. रात्री आठला मला फोन करा.’ यात काम आहे, मुदत आहे, निर्णयाची मोकळीक आहे, तिची सीमा आहे आणि हिशेबाची वेळही ठरलेली आहे.

पहिल्या वेळी चूक झाली तर ती एकांतात समजावून सांगा, आणि पुढच्या बुधवारीही तेच काम त्याच माणसाकडे द्या. चुकल्याबरोबर काम काढून घेतले, की पुन्हा कुणी पुढे येत नाही. नेतृत्वाची खरी कसोटी इथे लागते.