घोड्याला किती घालावे?

शेमामध्ये आधी गुरांच्या गवताचा उल्लेख येतो, मग माणसाच्या तृप्तीचा. त्यावरूनच हाखामांनी सांगितले की, जनावराला घातल्याशिवाय आपण जेवायला बसू नये. आधी घालावे हे ठाऊक असते. किती घालावे हे मात्र मोशावात हौसेने घोडा ठेवणाऱ्या आपल्या पुष्कळ मंडळींना ठाऊक नसते. अशा घोड्याला उपासापेक्षा लाडाच्या खाण्याचीच भीती जास्त. लठ्ठ घोड्याच्या खुरांच्या आत दाह होतो, पाय टेकवत नाही, आणि दुखणे विकोपाला गेले तर त्याला वाचवताही येत नाही.

कोकणात आपल्या पूर्वजांच्या घाण्याचा बैल पेंड खाऊन निवांत रवंथ करी. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे पोट देहाच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल सारखे पाझरत असते. त्याला थोडे थोडे, पण दिवसभर चघळायला हवे.

साधा हिशेब असा: दिवसाला वजनाच्या सुमारे 2 टक्के वाळले गवत. 400 किलोच्या घोड्याला 8 किलो शाहात, तीन-चार वेळा विभागून. लठ्ठ असेल तर 6 किलोपर्यंत उतरावे, त्याखाली पशुवैद्याला विचारल्याशिवाय नाही. अस्पेसेत (लसूणघास) पौष्टिक, म्हणूनच बेताने. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर फिरणाऱ्या घोड्याला धान्य बहुधा लागतच नाही. द्यायचेच तर तोलून द्या, डब्याने मापू नका. डबाभर जव डबाभर ओटपेक्षा जड भरतात.

काटा नसला तरी वजन काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. मापे सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर 175 आणि लांबी 155 असेल तर जवळजवळ 400 किलो. हा अंदाजच, पण दर पंधरा दिवसांनी एकाच माणसाने मापून वहीत लिहिले की चढउतार लपत नाही. शिवाय बरगड्यांवरून हात फिरवा: त्या दिसू नयेत, पण सहज लागाव्यात. मानेवरची चरबी घट्ट झाली असेल तर सावध व्हा.

शब्बाथला आपण तोलत नाही, तेव्हा शुक्रवारीच गवत तोलून पोत्यांत भरून ठेवावे. घोडा धान्यावर असेल तर विश्रांतीच्या दिवशी ते निम्मे करावे. भरपूर धान्य खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला जुंपला की स्नायू आखडतात. युरोपात याला सोमवारचा आजार म्हणत, कारण तिथे सुटी रविवारी. आपल्याकडे तो रविवारी दिसायचा!

पेसाहचे तेवढे विसरू नका. तयार तआरोवेतमध्ये गव्हाचा कोंडा वगैरे असतो. ते हामेत्स म्हणून जनावरालाही घालता येत नाही. पण एका रात्रीत खाणे बदलले तर घोड्याला पोटशूळ उठू शकतो. म्हणून बदल निदान दहा दिवस आधी सुरू करावा, रोज थोडे जुने कमी, थोडे नवे जास्त. सणानंतर परत येतानाही तसेच.